अस्सल इराणी

आमच्या विभागातल्या एका शहरात गेल्या वर्षी 'इराणी कॅफे' उघडले आणि ओळखीच्या मंडळींत दोन तट पडले. एका बाजूला मुंबईत उमेदीची वर्षे काढून गावी परतलेले लोक, दुसऱ्या बाजूला हैदराबादला नेहमी जाणे-येणे असलेले. वाद एवढाच, की हे कॅफे अस्सल इराणी आहे की नाही. मुंबईवाले म्हणाले, खुर्च्या बरोबर आहेत, टेबलेही ठीक, पण ब्रून पाव कडक नाही. आणि कडक नसेल तर तो ब्रून कसला? हैदराबादवाले म्हणाले, पावाचे सोडा, चहाच इराणी नाही. इराणी चहात काढा वेगळा दमावर ठेवतात, दूध वेगळे आटवतात आणि कपात दोन्हींची गाठ घालतात. इथे तर सगळे एकाच पातेल्यात उकळले आहे. एकाने भिंतीवरचे जुने दिसणारे घड्याळ नवे असल्याचे शोधून काढले. दुसऱ्याने बातमी आणली की गल्ल्यावर बसणारा माणूस इराणी नाहीच, कर्नाटकातला आहे.

हा वाद मी आसेगावात ऐकला, मंगरूळपीरच्या एका लग्नात जेवणाच्या पंगतीत ऐकला, माहेरच्या फोनवरही ऐकला. माझे एक मामू तर दोनदा बसभाडे खर्च करून केवळ तपासणीसाठी तिथे जाऊन आले. हसण्यावारी न्यावा असाच विषय आहे. पण उर्दू शाळेत शिकवणाऱ्या बाईला 'अस्सल' हा शब्द हसण्यावारी नेता येत नाही. तो रोज तिच्या टेबलावर येतो. का, ते पुढे सांगते.

आधी इराण्याच्या हॉटेलाचेच पाहू. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीपासून इराणातल्या यझ्द आणि केरमान भागातून गरिबीला, दुष्काळाला आणि जाचाला कंटाळून माणसे मुंबईला येऊ लागली. त्यांत जरथुश्त्री होते तसे मुसलमानही होते. मुंबईचे कयानी १९०४ सालचे, बेलार्ड इस्टेटचे ब्रिटानिया १९२३ सालचे. पुण्याचे कॅफे गुडलक १९३५ सालचे, ते एका इराणी मुसलमानाने सुरू केलेले. रस्त्याच्या कोपऱ्यावरची जागा अशुभ म्हणून इतर व्यापारी घेत नसत, ती या लोकांनी घेतली, असे सांगतात. दोन्ही बाजूंनी दार, दोन्ही बाजूंनी गिऱ्हाईक.

आता या हॉटेलात इराणचे काय होते ते मोजा. खुर्च्या वाफेवर लाकूड वाकवून केलेल्या, मूळ घडण थोनेट नावाच्या युरोपातल्या कारखान्याची, १८५९ सालची. पाव पोर्तुगीजांनी आणलेला आणि गोव्याच्या भट्टीवाल्यांनी मुंबईत रुजवलेला. खारी बिस्किट गुजरातेतले. फार तर 'मस्का' हा शब्द फारसीतला. पण तो लोण्याला लागू होतो, आणि लोणी काय इराणहून येत नव्हते. राहिला चहा. इराणात चहा बिनदुधाचा पितात, काचेच्या लहान पेल्यातून, साखरेचा खडा दातांत धरून. दूध घातलेला, गोडमिट्ट 'इराणी चहा' तिथल्या माणसापुढे ठेवला तर तो विचारेल, हे काय आहे?

पुढची गंमत तर अजून मोठी. इराणात चहाच्या दुकानाला आजही 'कहवाखाना' म्हणतात, कारण तिथे आधी कॉफी होती. चहाची शेती त्या देशात रुजवली ती काशिफुस्सल्तना या इराणी मुत्सद्द्याने. तो हिंदुस्थानात इराणचा वकील म्हणून होता. १९०० च्या सुमारास त्याने चहाची रोपे इथून नेली आणि कास्पियन समुद्राकडच्या लाहिजानला लावली. त्याची कबर लाहिजानलाच आहे, तिथे आता चहाचे संग्रहालय आहे. म्हणजे अस्सल इराणी चहाचे मूळ शोधत इराणला जावे, तर तो माणूस बोट दाखवणार आपल्याकडे. आणि आपण तरी कुठले चहावाले! आसामात चहाचे मळे इंग्रजांनी १८३० नंतर लावले, आणि सामान्य माणसाला त्याची गोडी लागली ती विसाव्या शतकात, कंपन्यांनी जाहिराती करून, फुकट पेले वाटून.

जगात असे वाद इतरत्रही चालतात. अमेरिकेत 'टिकी बार' नावाचा एक प्रकार आहे. (दारूच्या गुत्त्याची गोष्ट आपल्या पानांत कशाला, असे कुणी म्हणेल. मलाही दारूशी घेणेदेणे नाही, वादाशी आहे.) १९३३ च्या डिसेंबरात अमेरिकेतली दारूबंदी उठली. त्याच सुमारास अर्नेस्ट गँट नावाच्या एका अमेरिकन माणसाने हॉलिवूडमध्ये बांबू, चटया, मासेमारीची जाळी आणि पॅसिफिक बेटांवरच्या वस्तू टांगून एक दुकान काढले. रम कॅरिबियन बेटांतली, जेवण खरे तर चिनी, सजावट तिसऱ्याच समुद्रातली. पुढे त्याने कायद्याने आपले नावही बदलून डॉन बीच करून घेतले. त्याची नक्कल इतरांनी केली, त्या नकलांच्या नकला झाल्या. आणि आज शहरात नवा टिकी बार उघडला की शौकीन मंडळी जमतात व तावातावाने तपासतात, हा 'अस्सल टिकी' आहे का? बांबू खरा की प्लास्टिकचा? सरबताचे प्रमाण जुन्या कागदाबरहुकूम आहे का? जी गोष्ट पहिल्या दिवसापासून कल्पनेने रचलेली, तिच्या अस्सलपणाची ही तपासणी.

आपल्या मामूंत आणि त्या शौकिनांत मला काही फरक दिसत नाही. लंडनला २०१० साली 'डिशूम' नावाचे उपाहारगृह निघाले. मुंबईच्या इराण्यांच्या आठवणीवर उभे केलेले, नाव मात्र हिंदी सिनेमातल्या ठोशाचे. आपल्याकडे २०१३ साली गुरगावला 'सोडाबॉटलओपनरवाला' निघाले. तिकडे धोबीतलावचे बस्तानी २००४ मध्ये बंद झाले. निस्सीम इझिकेल यांनी इराणी हॉटेलातल्या सूचनांच्या पाटीवर इंग्रजीत कविता केली, ती पाटी बस्तानीची. मुंबईत एके काळी शेकड्यांनी असलेली ही हॉटेले आता बोटांवर मोजण्याइतकी उरली. मूळ मिटत चालले की नकला वाढतात, आणि नकला वाढल्या की अस्सलाची चौकशी सुरू होते. घरातले म्हातारे माणूस जिवंत असेपर्यंत त्याच्या बोलण्याकडे कुणाचे लक्ष नसते, तशातलाच हा प्रकार.

इथवर आल्यावर पुष्कळ शहाणे लोक हात झटकतात. सगळीच सरमिसळ, मूळ असे काही नाहीच, मग वाद कशाला? हे उत्तर मला पटत नाही. ते सोपे आहे म्हणूनच पटत नाही. चहाच्या पुडीत रंग दिलेला भुसा निघतो तेव्हा 'सगळीच सरमिसळ' म्हणून आपण गप्प बसत नाही. तुपात डालडा सापडला तर दुकानदाराशी भांडतो. खोटा दाखला तो खोटाच. म्हणजे खोटे जगात आहे. प्रश्न असा, की ते ओळखायचे कशाने? खुर्चीच्या पायांवरून, की आणखी कशावरून?

माझ्या धंद्यातले दोन शब्द इथे उपयोगी पडतात. 'असल' म्हणजे अरबीत मूळ, झाडाचे मूळ. आणि 'नकल'? मराठीत नक्कल म्हणजे खोटे, सोंग. परीक्षेत केली तर पेपर काढून घेतात. पण अरबीत 'नक्ल' म्हणजे एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणे, पोचवणे. आपल्या मदरशांत जुन्या काळापासून इल्माचे दोन भाग करतात, माकूलात आणि मनकूलात. एक अकलेने मिळवायचे, दुसरे नक्लेने, म्हणजे पिढ्यांनी पोचवलेले. सर्वात मोठ्या आदराचे ज्ञान तिथे 'नक्ल'च आहे. त्या ज्ञानाची खरे-खोटेपणाची तपासणी 'सनद' पाहून होते: हे तुला कुणी सांगितले, त्याला कुणी, त्याच्या आधी कुणी? मजकूर तपासतात, पण आधी साखळी विचारतात. हदीसच्या शास्त्राचा दर्जा मी हॉटेलाला देत नाही, तोबा! फक्त विचारण्याची रीत उसनी घेते.

कारण ही रीत घेतली की वाद एकदम जमिनीवर येतो. ब्रिटानियाचा बेरी पुलाव घ्या. इराणात जेरेश्क नावाचे आंबट लाल फळ भातात घालतात. ब्रिटानियाच्या मालकांच्या पत्नीने त्या पुलावात इथल्या जिभेला मानवेल असा मसाला घातला आणि तो मुंबईत लोकप्रिय झाला. इराणी माणूस म्हणेल हा आमचा नाही, बिर्याणीवाला म्हणेल हा आमचाही नाही. पण हे कुणाकडून आले, कुणी बदलले, का बदलले, ते सगळे उघड आहे. बाईने काही लपवले नाही. मग तो नकली कसा? हैदराबादचा चहा आणि मुंबईचा चहा यांचेही तेच. एकाच देशातून आलेल्या माणसांनी दोन शहरांत दोन प्रकारच्या गिऱ्हाइकांना दोन चहा पाजले. दोन्ही साखळ्या साबूत आहेत. वाद घालणाऱ्यांनी हवा तर चवीवर वाद घालावा.

याच्या उलट टिकीचे. माओरी लोकांच्या परंपरेत टिकी हे आद्य पुरुषाचे नाव आहे, आणि माणसाच्या आकाराच्या कोरीव मूर्तीचेही. त्याच्या तोंडाचे पेले करून त्यांत दारू ओतली गेली. ज्यांचे पूर्वज ते, त्यांना कुणी विचारले नाही. इथे मला नकली वाटते ते बांबूचे किंवा प्लास्टिकचे नव्हे. साखळीतला पहिला माणूस पुसून टाकला, ते नकली वाटते. आणि जे शौकीन सरबताच्या थेंबांचे प्रमाण मोजतात, त्यांतल्या बहुतेकांना या पहिल्या माणसाची आठवण उशिरा आली.

हे वाचताना लांबच्या बेटावरची गोष्ट म्हणून आपण सोडून देऊ, तर जरा थांबू या. शहरांत 'मुघलाई', 'नवाबी', 'शाही दस्तरखान' अशा पाट्यांची किती हॉटेले झाली! कमानी, जाळ्या, कोपऱ्यात हुक्का, वेटरच्या डोक्यावर तुर्रेदार टोपी, पाठीमागे कव्वाली. माझ्या बहिणीच्या शहरात अशाच एका हॉटेलच्या वरच्या मजल्यांवर घरे आहेत. तिचा नवरा तिथे भाड्याने खोली पाहायला गेला होता. नाव सांगितल्यावर खोली रिकामी नसल्याचे कळले. खाली बिर्याणीचा सुगंध दरवळत होता, आणि बिर्याणी झकास होती असे तो स्वतः सांगतो. त्या बिर्याणीला अस्सल म्हणायचे की नाही? मसाला तपासला तर शंभर टक्के अस्सल. आमचा चायनीजचा गाडा तिच्यापेक्षा प्रामाणिक. मंचुरियन चीनचे नाही, ते १९७५ साली मुंबईच्या क्रिकेट क्लबात नेल्सन वाँग यांनी जुळवले. ते कोलकात्यात जन्मलेले चिनी कुटुंबातले गृहस्थ. गाडीवाल्याला हे ठाऊक नसेल, पण तो चिनी माणसाचा पोशाख घालून उभा राहत नाही, आणि चिनी माणूस आला तर बाकडे पुसून देईल.

इराणी हॉटेलाचे मोठेपण मला वाटते ते त्या बाकड्यातच होते. ज्या काळात जातीजातींची पाण्याची भांडी वेगळी होती, हॉटेलांच्या पाट्यांवर धर्म लिहिलेला असे, त्या काळात कारकून, हमाल, पत्रकार, नाटकवाला, मौलवी आणि बेकार पोरगा एकाच संगमरवरी टेबलावर कोपर टेकून बसे. एका चहावर तास काढला तरी इराणी पेपर वाचू देत असे. (फार वेळ झाला तर पंखा बंद करी, तो भाग निराळा.) मामूंच्या आठवणीतले इराणी ते हेच. खुर्ची तिथे होती, पण ते खुर्चीसाठी जात नव्हते. खिशात पैसे नसताना कुणी उठवत नव्हते म्हणून जात होते.

मात्र इथे मामूंना मी एक टोमणा मारते. 'सगळ्यांना दार उघडे' म्हणतात त्या सगळ्यांत बायका कुठे होत्या? त्यांच्यासाठी 'फॅमिली रूम' असे, लाकडी आडोसा, झुलते दार किंवा पडदा. नवरा-भाऊ बरोबर असेल तर आत. माझ्या अम्मीने मुंबईला राहूनही इराण्याची मुख्य खोली आतून कधी पाहिली नाही. नव्या कॅफेत मी आणि माझी मैत्रीण, दोघीच, मधल्या टेबलावर बसून चहा प्यायलो, कुणी वळून पाहिले नाही. मामूंच्या हिशेबाने ही सोय 'अस्सल' नाही. माझ्या हिशेबाने नव्याने जुन्यावर इथे मात केली. आठवणींचा पहारा करणारे लोक बहुधा आठवणीत ज्यांना जागा होती तेच असतात.

आता माझ्या टेबलावर रोज येणाऱ्या 'अस्सल'बद्दल. आमची मुले घरी जी उर्दू बोलतात तिच्यात 'मेरेकू' आहे, 'हौ' आहे, 'नक्को' आहे. 'नक्को' म्हणजे मराठीचा 'नको', दख्खनच्या मुसलमानांनी शतकांपूर्वी उचललेला. शाळेतल्या पुस्तकात ती भाषा नाही. काही वर्षांपूर्वी आमच्या वर्गातली एक मुलगी जिल्ह्याबाहेरच्या एका वक्तृत्व स्पर्धेत बोलली. विषय चांगला मांडला, घाबरली नाही. परीक्षकांनी जुबान 'असली' नाही म्हणून गुण कापले. शेवटी बक्षीस देताना हसून म्हणाले, वऱ्हाडची उर्दू अशीच असायची. तीच मुलगी मराठीच्या तासाला उत्तर देते तेव्हा बाहेरून आलेले पाहुणे कौतुक करतात, 'वा, तुम्ही लोक मराठी किती छान बोलता!' जिच्या घरात पाच पिढ्या या मातीत पुरल्या, तिने स्वतःच्या गावची भाषा छान बोलावी यात नवल ते काय? एकाच आठवड्यात तिला दोन्हींकडून कळले की ती दोन्हींत पाहुणी आहे.

ज्यांनी इराण्याच्या खुर्च्या तपासल्या, त्यांनाच एकदा हे ऐकवले. म्हटले, हीच फूटपट्टी आपल्याला लावली तर? अरबस्तानातला म्हणेल तुमचे रिवाज अस्सल नाहीत, लखनौचा म्हणेल भाषा अस्सल नाही, पुण्याचा म्हणेल मराठीपण अस्सल नाही. आणि गंमत म्हणजे फूटपट्टी लावणाऱ्यांची घरेही तशीच उभी आहेत. शिवाजी महाराजांच्या काळात फारसी शब्दांना संस्कृत पर्याय देणारा राज्यव्यवहारकोश मुद्दाम तयार झाला. तरी आज जिल्हा, तहसील, वकील, फिर्याद, अर्ज यांच्यावाचून मराठी माणसाचा दिवस जात नाही, आणि त्यामुळे ती मराठी काही कमी मराठी झालेली नाही. उर्दूची ज्या खतात शान आहे त्या नस्तालीकचे नावच 'नस्ख' आणि 'तालीक' या दोन खतांच्या मिलाफातून झाले. इराणात तो मिलाफ जुळला आणि आपण त्याला आपली ओळख म्हणतो, ती खोटी नाही.

वर्गात मी पोरांना मश्क देते. माझ्या ओळीखाली ते ओळ गिरवतात. पहिल्या वर्षी सगळ्यांचा 'सीन' माझ्यासारखाच वाकडा येतो. तिसऱ्या वर्षी वही न उघडता कळते ही कुणाची. एकाचा 'काफ' लांब, दुसरीचे नुक्ते वर उडालेले. ही नक्कलच आहे, पण तिला मी पेपर काढून घेत नाही. जो दुसऱ्याची वही स्वतःची म्हणून पुढे करतो त्याचाच पेपर काढते. दोघांत फरक कळायला पोरांना व्याख्या लागत नाही, दुसरीतल्या पोरालाही तो कळतो.

मामू आता तिसऱ्यांदा त्या कॅफेत जाणार आहेत. ब्रून पाव सुधारला असे कुणी सांगितले म्हणे. चहा तिथे साठ रुपयांना आहे, त्यामुळे रिक्षावाले बाहेरच थांबतात. भिंतीवर मुंबईच्या जुन्या इराण्यांचे फोटो चौकटीत लावले आहेत, नावे आणि सालांसकट. पाव मात्र त्याच शहरातल्या आपल्या मोहल्ल्यातल्या एका भट्टीतून येतो. भट्टीवाल्याचे आजोबा वसईकडच्या एका गोवेकराकडे काम शिकले होते, हे मला त्यानेच सांगितले. पहाटे चारला तो पाव पोचवतो, मागच्या दाराने. पुढचे दार सकाळी आठला उघडते, त्यामुळे भिंतीवरचे ते फोटो त्याने अजून पाहिलेले नाहीत.